उतारवयातले धनुष्य : नांगर नको, कोळपे हवे

माघ महिना होता. पहाटे म्हशीच्या धारेला बसलो आणि उजव्या खांद्यातून अशी कळ निघाली की चरवी हातातून निसटली. तीन लिटर दूध गोठ्यात सांडले. आवाज ऐकून सौ. धावत आली. "काय झालं?" म्हणून विचारू लागली. मी सांगून टाकले, "म्हशीनं पाय झाडला." बिचारी म्हैस! तिने पाय हलवलासुद्धा नव्हता. खरे कारण ओसरीतल्या खुंटीला टांगलेले होते. ते म्हणजे माझे धनुष्य.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ६४. थोडी बागायत आहे, दोन म्हशी आहेत. शाळेतल्या मुलांना तिरंदाजीच्या सरावाला घेऊन जाता जाता एकोणपन्नासाव्या वर्षी मीही हातात धनुष्य घेतले, ते सुटलेच नाही. आमच्या सातारा जिल्ह्याला तसे या खेळाचे वेडच लागले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातली अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला. अशा बातम्या आल्या की पोरांसारखाच म्हाताऱ्यांनाही हुरूप चढतो. मलाही चढला होता. पन्नाशीत घेतलेले जड धनुष्यच मी साठी उलटल्यावरही ओढत होतो. सोबतच्या तरुणांपेक्षा आपले धनुष्य कमी ताणाचे आहे, हे सांगायची मला लाज वाटत होती, एवढेच त्याचे कारण.

खांदा दुखू लागून तेव्हा चार महिने झाले होते. सदरा घालताना हात मागे जात नव्हता, रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नव्हते. मी कुणाला बोललो नाही. शेवटी दूध सांडले तेव्हा डॉक्टर गाठले. त्यांनी खांदा तपासला आणि विचारले, "गुरुजी, धनुष्य ओढायला किती किलोचा जोर लागतो?" मला उत्तर देता येईना. तेरा वर्षे ओढत होतो, पण किलोमध्ये कधी मोजले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे खांद्याला विश्रांती. आणि पुन्हा तेवढंच ओढणार असाल, तर पुन्हा इथंच याल."

घरी येऊन मी धनुष्य खोळीत घातले आणि माळ्यावर टाकायला निघालो. सौ. चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "बैल थकला म्हंजी तुमी त्याला लगी बाजार दावता व्हय? नांगर सोडून कोळप्याला जुंपताच की."

तिचे ते वाक्य मला लागू पडले. आमच्यासारख्या बऱ्याच जणांची पंचाईत हीच असते. एक तर जुनाच नांगर ओढायचा, नाही तर दावणीला बसून राहायचे. मधली वाट सुचतच नाही. तिरंदाजीत ती मधली वाट म्हणजे वयाला झेपेल अशा ताणाचे धनुष्य. ते कसे निवडावे, हे मी ठेच खाऊन शिकलो. ते इथे सांगतो.

धनुष्याचा ताण म्हणजे काय?

धनुष्य किती पाउंडांचे, असे आपण म्हणतो तेव्हा ते धनुष्याचे स्वतःचे वजन नसते. दोरी पूर्ण मागे ओढून धरायला बोटांवर जेवढा भार येतो, तो म्हणजे ताण. एक पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजांना खेळाडू 'लिंब' म्हणतात. त्यांतल्या एकीवर ताणाचा आकडा लिहिलेला असतो, आणि तो साधारणपणे दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो.

इथेच पुष्कळांची फसगत होते. हात लांब असले तर दोरी २९-३० इंच मागे जाते, आणि जास्तीच्या प्रत्येक इंचाला सुमारे दोन पाउंड ताण वाढतो. हात आखूड असले तर तेवढाच कमी होतो. माझ्या धनुष्यावर ३६ लिहिले होते. मी अंगाने उंच, दोरी २९ इंच ओढतो. म्हणजे माझ्या बोटांवर ३८ पाउंड येत होते, आणि मी आपला छत्तीसच्या हिशेबात!

हा ताण घरीही मोजता येतो. भाजी तोलायचा आकड्याचा स्प्रिंग काटा घ्यावा. आकडा दोरीच्या मध्यावर अडकवावा आणि नेहमी ओढतो तेवढेच अंतर ओढावे. काटा दाखवील ते किलो. त्यांना २.२ ने गुणले की पाउंड येतात. हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने धनुष्य घट्ट धरून काटा ओढावा, दुसऱ्याने आकडा वाचावा. दोरी हातातून सुटू देऊ नये. बाणाशिवाय दोरी सुटली तर सगळा जोर धनुष्यातच फिरतो, भुजा फुटतात आणि ओढणाऱ्यालाही इजा होते.

एका दिवसात बारा क्विंटल

३८ पाउंड म्हणजे १७ किलोंच्या जरा वर. ऐकायला काहीच नाही. आपण पन्नास किलोंचे पोते उचलणारी माणसे! पण पोते आपण एकदा उचलतो. मोठ्या स्पर्धांच्या पहिल्या फेरीत ७२ बाण मारावे लागतात, आणि मी रोज हौसेने तेवढेच मारीत होतो. बहात्तर वेळा १७ किलो म्हणजे बारा क्विंटलांहून अधिक. साखरेची चोवीस पोती एकट्या खांद्याने ओढल्यासारखे झाले. तेच धनुष्य २४ पाउंडांचे असते, तर हा हिशेब आठ क्विंटलांच्या आत राहिला असता. रोजची नऊ पोती कमी!

शिवाय नुसते ओढून भागत नाही. ओढलेली दोरी हनुवटीशी आणून तिथे क्षणभर स्थिर धरायची असते. नेम लागतो तो त्या स्थिरपणात. जो ताण ओढता येतो, पण धरता येत नाही, तो आपला नव्हे.

खांद्यात काय होते?

आपल्या खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायू असतात. त्यांचे स्नायूबंध हाडाच्या छताखालच्या अरुंद जागेतून जातात. तरुणपणी ते बंध ताज्या वाखाच्या दोरासारखे चिवट असतात. वय वाढते तसे ते झिजतात, त्यांची लवचिकता कमी होते, आणि झालेली इजा भरून यायला वेळ लागतो. स्नायूंची ताकदही तिशी-चाळिशीनंतर हळूहळू उतरते, साठीनंतर हा उतार वाढतो. व्यायामाने तो सावकाश करता येतो, थांबवता मात्र येत नाही.

जड धनुष्य ओढताना पाठीचे मोठे स्नायू कमी पडले की माणूस खांदा कानाकडे उचलतो, धनुष्य आभाळाकडे नेतो आणि झटका देऊन दोरी खेचतो. त्या झटक्यात ते बारीक बंध छताखाली चिमटतात. रोज थोडे थोडे चिमटत गेले की एके दिवशी चरवी हातातून पडते.

मधुमेह असणाऱ्यांनी जास्त जपावे, कारण खांदा आखडण्याचा विकार त्यांच्यात अधिक आढळतो. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये, दाब वाढतो. दोन्ही विकारांत आधी डॉक्टरांना विचारावे.

एका शेतकऱ्याची शहाणीव

हलके धनुष्य म्हणजे कमीपणा, ही समजूत आपल्या मनात फार खोल आहे. सीतेच्या स्वयंवरात शिवधनुष्य छातीवर पडून रावणाची झालेली फजिती आपण कीर्तनात ऐकतो, आणि जड धनुष्य उचलील तोच वीर, असे डोक्यात बसते. रावण जड धनुष्याच्या नादाला लागला म्हणून चेपला, हा बोध घ्यायचे राहूनच जाते.

इंग्लंडमध्ये ह्यू लॅटिमर नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. ते शेतकऱ्याचे पोर. बापाची स्वतःची जमीन नव्हती. खंडाने केलेले शेत होते, शंभर मेंढरे होती आणि आई तीस गाईंच्या धारा काढायची. १५४९ साली राजापुढे दिलेल्या प्रवचनांत लॅटिमर यांनी सांगितले आहे, की वडील त्यांना वय आणि ताकद पाहून धनुष्य विकत घेऊन देत. पोर वाढेल तसे धनुष्य मोठे होई. म्हणजे पौणेपाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यालाही कळत होते, की धनुष्य माणसाच्या मापाचे हवे. चढत्या वयाला जो नियम, तोच उतरत्या वयाला का नसावा?

त्याच काळातली जड धनुष्येही पाहायला मिळतात. 'मेरी रोझ' नावाचे इंग्रजी युद्धजहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्यात दीडशेहून अधिक लाकडी धनुष्ये सापडली. त्यांतली बरीचशी १०० ते १८५ पाउंडांच्या घरातली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण बुडालेल्या माणसांपैकी काहींच्या खांद्याच्या हाडांत वेगळेपणही आढळले, आणि ते लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असावे, असे सांगितले जाते. ती धनुष्ये लढाईची होती. आपल्याला कागदाच्या लक्ष्याला भोक पाडायचे आहे. त्याला चिलखत नसते.

आणि वयाचे म्हणाल, तर या खेळाइतका म्हाताऱ्यांना मान देणारा दुसरा खेळ विरळा. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या तिरंदाजीचे सुवर्णपदक क्वीनी न्यूऑल या बाईंनी मिळवले, तेव्हा त्यांचे वय ५३ होते. त्याआधी १९०४ साली अमेरिकेतल्या ऑलिंपिकमध्ये गॅलन स्पेन्सर हे ६४ वर्षांचे गृहस्थ सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात होते. माझ्याच वयाचे! आजच्या नियमांतही पन्नाशीपुढच्या तिरंदाजांचा वेगळा गट आहे. तरुण ज्या साध्या वाकड्या धनुष्याने ७० मीटरवर खेळतात, त्याने हा गट ६० मीटरवर खेळतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचे अंतरही तेच. आजोबा आणि नात एकाच रेषेवर!

आपला ताण कसा ठरवावा?

अमुक वयाला अमुक पाउंड, असे कोष्टक नाही. साठीचा पहिलवान आणि साठीचा कारकून एका मापाचे नसतात. मात्र पुढच्या चार कसोट्या कुणालाही लावता येतात. बाण लावून आणि लक्ष्यासमोर उभे राहूनच त्या कराव्यात. मागेपुढे माणूस किंवा जनावर नाही, हे आधी पाहावे.

पहिली कसोटी : धनुष्य लक्ष्याच्या रेषेत ठेवून दोरी सावकाश, न हिसकता ओढावी. आभाळाकडे न्यावे लागले, मान वाकडी झाली किंवा खांदा कानाला लागला, तर ताण जास्त आहे.

दुसरी कसोटी : पूर्ण ओढून मनात दहा आकडे मोजावेत आणि बाण न सोडता दोरी हळूच परत न्यावी. मध्ये विसावा घेत असे पाच-सहा वेळा करावे. बाणाचे टोक थरथरू लागले किंवा दोरी परत नेताना हिसका बसला, तर ताण जास्त आहे.

तिसरी कसोटी : सरावातले पहिले सहा आणि शेवटचे सहा बाण कुठे लागले, ते लिहून ठेवावे. शेवटचे सहा विखुरले असतील, तर ताण जास्त आहे, नाही तर बाणांची संख्या जास्त आहे. दोन्हींपैकी एक उतरवावे.

चौथी आणि सर्वांत खरी कसोटी : रात्री त्या कुशीवर झोप लागते का? सकाळी केस विंचरायला, सदरा घालायला हात सहज जातो का? अंग भरून येणे निराळे, ते एक-दोन दिवसांत जाते. सांध्यात कळ येत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

एकाही कसोटीत नापास झालात, तर चार ते सहा पाउंड उतरून पुन्हा सगळ्या कसोट्या घ्याव्यात. चढायचे असेल तेव्हा मात्र दोन-दोन पाउंडांनी, आणि महिनोन्‌महिने थांबत चढावे. पन्नाशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी १६ ते २० पाउंडांवर समाधान मानावे. हात बसल्यावर पुढचे पाहता येते. बायकांनीही हाच नियम लावावा. त्यांच्या हाडांची झीज पाळी गेल्यावर वाढते, तेव्हा घाई नको.

धनुष्य हलके कसे करावे?

सगळे धनुष्य बदलायची गरज नसते, हे मला उशिरा कळले. सरावाच्या सुट्या भागांच्या धनुष्यात मधली मूठ आणि दोन भुजा वेगवेगळ्या असतात. मूठ तीच ठेवून कमी ताणाच्या भुजा बसवल्या की झाले. काही धनुष्यांत भुजांचे स्क्रू थोडे सैल करूनही ताण उतरवता येतो. पण बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे स्क्रू सोडू नये, भुजा निसटते.

दुसरा प्रकार चाकांच्या धनुष्याचा, ज्याला कंपाउंड म्हणतात. अमेरिकेतल्या हॉलेस ॲलन यांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. चाकांमुळे यात पूर्ण ओढल्यावर भार एकदम उतरतो. ४० पाउंडांच्या धनुष्यात उतार पाऊण असेल, तर धरताना बोटांवर दहाच पाउंड राहतात. म्हाताऱ्या खांद्याला ही मोठी सोय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मधला चाळीसचा चढ प्रत्येक बाणाला ओलांडावाच लागतो, आणि हे धनुष्य हातात धरायलाही जड असते. तो भार समोर ताणलेल्या डाव्या हातावर येतो.

तिसरे आपले बांबूचे. सातपुड्यातले भिल्ल-पावरा, मेळघाटातले कोरकू बांधव पिढ्यान्‌पिढ्या बांबूचेच धनुष्य करीत आले. ते हलके करायचे तर आतल्या बाजूने, दोन्ही भुजा सारख्या ठेवून, थोडे थोडे तासावे. बाहेरच्या सालीला हात लावू नये, सगळा जोर त्या सालीच्या धाग्यांत असतो. जाडी जराशी उतरली तरी ताण बराच उतरतो, म्हणून दोन-चार फटके मारावेत आणि ओढून पाहावे. जास्त तासलेले परत चिकटत नाही.

बाणही बदलावे लागतात. जड धनुष्याचे ताठ बाण हलक्या धनुष्यातून नीट वाकत नाहीत. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण मग डावीकडे जाऊ लागतात. आपला नेम गेला, असे समजून माणूस खचतो. प्रत्यक्षात दोष बाणांचा असतो. हलक्या धनुष्याला हलके आणि लवचिक बाण घ्यावेत. बाणाचा वेग कमी होतो, तो वाटेत अधिक खाली येतो, म्हणून नेमाची खूण बदलावी लागते. हे सगळे आठवड्याभरात जमते.

आता माझे कसे चालले आहे?

सहा आठवडे विश्रांती घेतली. नंतर डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम सायकलच्या जुन्या ट्यूबवर सुरू केले. ट्यूब खांबाला अडकवायची आणि कोपरे मागे नेत पाठीने ओढायची. चार महिन्यांनी नव्या भुजा घेतल्या. काट्यावर मोजल्या, माझ्या ओढीला ११ किलोंच्या आसपास भरल्या. म्हणजे २४ पाउंड. माझ्या चौदा वर्षांच्या नातीचे धनुष्य तेव्हा २६ पाउंडांचे होते.

पहिल्या दिवशी मैदानावर एका पोराने विचारलेच, "गुरुजी, तुमचं धनुष्य ताईपेक्षा हलकं?" मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "होय. दोन पाउंडांनी." पोरगे "बरं" म्हणून आपल्या बाणांच्या मागे पळाले. त्या एका "बरं"साठी मी दोन वर्षे खांदा झिजवला होता!

आता आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, छत्तीस बाण मारतो. सत्तर मीटरचा नाद सोडला, तीस मीटरवर उभा राहतो. पूर्वी माझे शेवटचे बाण लक्ष्याच्या कडेला जायचे, आता ते बहुधा पहिल्या बाणांच्या शेजारीच असतात. नात २८ पाउंडांवर गेली. ती आणखी चढेल. मी कदाचित आणखी दोन उतरेन. त्याचे आता काही वाटत नाही.

धारेलाही पुन्हा मीच बसतो. परवा चरवी भरून उठलो आणि मनावरचे ओझे उतरवावे म्हणून सौ.ला सांगितले, "त्या दिवशी म्हशीनं पाय झाडला नव्हता. माझाच खांदा गेला होता."

तिने चरवी माझ्या हातून घेतली. म्हणाली, "मला तवाच ठावं हुतं. म्हस गरीब हाय आपली."